उभा मांडव: ऑफिसच्या जुन्या इमारतीला हिरवी भिंत आणि रस्त्याला सावली

गेल्या वर्षी एप्रिलात माझे मामा कोर्टाच्या तारखेसाठी नाशिकला आले होते. निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार, वय ७१. बांधाचा जुना वाद. सकाळी अकराचं काम दुपारी साडेतीनवर गेलं, म्हणून ते सीबीएस बसस्थानकाकडून चालत शरणपूर रोडला माझ्या ऑफिसपाशी आले. मी साइटवर होतो. ते खाली पायरीवर बसले, तर वॉचमननं उठवलं. शेजारच्या दुकानाच्या कठड्यावर टेकायला गेले, तर तिथं टोकदार पट्टी ठोकलेली. मी पोचलो तेव्हा ते विजेच्या डीपीच्या हातभर सावलीत उभे होते, टोपीनं वारा घेत.

मी त्यांना वर नेलं. तिसरा मजला. पश्चिमेकडची सगळी बाजू काचेची, काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, दीड-दीड टनाचे दोन एसी सुरू, आणि तरीही दुपारनंतर खिडकीजवळच्या टेबलाशी कोणी बसत नाही. मामा काच हातानं चाचपून म्हणाले, "अरे, एवढी मोठी भिंत उन्हात उभी आहे आणि खाली माणसाला बसायला सावली नाही. इथं मांडव का नाही घालत?"

मांडव म्हणजे त्यांच्या बागेत द्राक्षाच्या वेली चढवतात तो, तारांचा. मी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. जुन्या ऑफिसांचं रूप बदलण्याविषयी जगभर जे बोललं जातं, त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी मामांनी एका वाक्यात सांगितल्या होत्या. भिंत झाडांनी झाकायची, आणि तळमजल्यावरची थोडी जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांना द्यायची. या दोन गोष्टी नेमक्या कशा होतात, कुठे फसतात आणि नाशिकला त्या का सोप्या जाव्यात, हे इथे सांगतो.

आधी ऊन कुठून येतं ते बघू. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीचा फारसा त्रास नसतो. एप्रिलातल्या दुपारी सूर्य इतका उंच असतो की दोन फुटांचा छज्जासुद्धा दक्षिणेची अख्खी खिडकी झाकतो. खरी अडचण पूर्वेची आणि त्याहून जास्त पश्चिमेची. एप्रिलात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो. तोच दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर त्या वेळी फूटभर सावली पाडतो. बाकीचं ऊन सरळ टेबलावर.

त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ५०० ते ६०० वॅट उष्णता आदळत असते. साधी पारदर्शक काच त्यातली सुमारे ८० टक्के आत सोडते. म्हणजे १० चौरस मीटर काच, एका मध्यम केबिनची एक बाजू समजा, साडेचार किलोवॅटच्या आसपास उष्णता आत घेते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. थोडक्यात, त्या एका काचेसाठीच सव्वा टन एसी खर्ची पडतो. माणसं, संगणक, छत यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

मग पडदे लावा, असं कोणीही म्हणेल. पडद्यानं डोळ्यांवरची तिरीप जाते, उष्णता मात्र फारशी जात नाही. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. तो पडद्यावर पडला की पडदा तापतो, आणि तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या उष्णतेला काच ओलांडता येत नाही. ती खोलीतच कोंडते. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधी अडवलं तरच उपयोग. आपल्या आज्या उन्हाळ्यात खिडकीच्या बाहेरून वाळ्याचा ताटा लावायच्या, त्यामागे हेच कारण होतं, आणि वर त्यावर पाणीही मारायच्या.

अहमदाबादला ले कॉर्बुझिएनं १९५४ साली बांधलेली गिरणीमालक संघटनेची इमारत आहे. तिच्या पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटचे तिरके उभे फलक आहेत. वारा आत येतो, मावळतीचं ऊन येत नाही. काच पुढे आणून त्यामागे एसी बसवायची रीत आपल्याकडे नंतर आली. शरणपूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका या भागांत १९९० नंतर उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींनी काच आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे अंगावर चढवले. परावर्तक काच लावली तर आतला ताप थोडा कमी होतो, पण ते ऊन समोरच्या इमारतीवर आणि रस्त्यावरच्या माणसावर फेकलं जातं. मला ही गोष्ट फार खटकते. आपल्या घरचा कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटण्यासारखंच आहे ते.

आता वेल. काँक्रीटच्या फलकापेक्षा वेल चांगली का? फलक स्वतः तापतो आणि संध्याकाळी ती उष्णता सोडत बसतो. पान तितकं तापत नाही, कारण ते सतत पाणी हवेत सोडत असतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. पाच लिटर पाणी पानांतून उडालं, तर एक टनाचा एसी तासभर चालवल्याइतकी उष्णता त्यात खर्च झाली. मात्र इथे हिशेब प्रामाणिक ठेवायला हवा. तो गारवा बहुतेक बाहेरच्या हवेत जातो, वाऱ्याबरोबर निघून जातो. ऑफिसच्या आत जो फायदा होतो तो मुख्यतः सावलीचा. बाहेरच्या गारव्याचा लाभ फुटपाथवरून चालणाऱ्याला. म्हणून हिरवी भिंत ही केवळ मालकाची गोष्ट नाही, असं मी म्हणतो. आणि भिंतीवरची झाडं शहराची हवा शुद्ध करतील, भरभरून प्राणवायू देतील, या जाहिरातींवर विसंबू नका. पानांवर धूळ बसते एवढं खरं. सावली हेच तिचं मोठं देणं, आणि ते पुरेसं आहे.

कप्प्यांची भिंत की तारांवरची वेल

हिरव्या भिंतीचे मुळात दोन प्रकार. पहिल्यात भिंतीवर चौकट ठोकतात, तिच्यात कापडाचे किंवा प्लास्टिकचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात मूठभर माती किंवा कोकोपीट, त्यात एकेक रोप, आणि मागून ठिबकची नळी. पॅट्रिक ब्लाँक या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं हा प्रकार जगप्रसिद्ध केला. २००६ साली उघडलेल्या पॅरिसच्या क्वे ब्रांली संग्रहालयाची भिंत त्याचीच. तो तर मातीही वापरत नाही, नमद्यासारख्या कापडावर झाडं वाढवतो. पहिल्या दिवसापासून सुंदर दिसणारा हा प्रकार आहे. उद्घाटनाच्या फोटोत तोच असतो.

नाशिकच्या पश्चिमेच्या भिंतीवर मात्र मी तो लावू देणार नाही. मूठभर मातीत ओल किती वेळ टिकणार? मे महिन्यात दुपारी वीज गेली, पंप बंद पडला, तर दोन दिवसांत सगळी रोपं वाळतात. ओली असताना अशी भिंत दर चौरस मीटरला ५० किलो आणि त्याहून जास्त भरू शकते. मेलेली रोपं बदलायला माणूस सतत लागतो. मी काम केलेल्या एका इमारतीत ही भिंत दोन उन्हाळे टिकली. तिसऱ्या वर्षी कप्प्यांमध्ये प्लास्टिकची पानं खोवली गेली, ती अजून तिथेच आहेत, उन्हानं पांढरी पडलेली.

दुसरा प्रकार म्हणजे मामांचा मांडव, फक्त आडवा नाही, उभा. मुळं जमिनीत किंवा मजल्यावरच्या खोल वाफ्यात. भिंतीपासून अंतर ठेवून ताणलेल्या तारा. वेल तारांना धरून वर जाते. वजन थोडं, पाणी थोडं, आणि एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी खोल मुळं तग धरतात. फक्त थांबावं लागतं. भिंत भरायला दोन-तीन वर्षं जातात.

नाशिक जिल्ह्यात हे काम येणारी माणसं गावोगाव आहेत. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांमध्ये तार कशी ताणायची, कडेच्या अँगलला ताण कसा द्यायचा, वाऱ्यानं मांडव झोपू नये म्हणून काय करायचं, हे पोरासोरांना ठाऊक असतं. वेलीचा शेंडा तारेशी आला की खुडायचा. त्याखालून दोन फुटी, म्हणजे नवे कोंब, घ्यायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, तारेवर बांधायच्या. ते ओलांडे. ओलांड्यावर काड्या तयार करायच्या, नको असलेली बगलफूट काढायची. ऑफिसच्या भिंतीवर हीच कामं आहेत. शेंडा न खुडता वेल मोकळी सोडली, तर ती सरळ गच्चीकडे धावते, वर झुपका होतो आणि खालचे तीन मजले उघडे राहतात. हिरव्या भिंतींची ही सगळ्यात नेहमीची फजिती आहे, आणि बागेत काम केलेल्या कुठल्याही मजुराला ती टाळता येते. ठिबकचं तर सांगायलाच नको.

मग द्राक्षाचीच वेल लावावी का? नाही. द्राक्षाला केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग येतात, त्यासाठी फवारण्या लागतात. खिडकीत माणसं बसलेली असताना बाहेर फवारणी करायची नसते. मांडवाची विद्या घ्यावी, पीक वेगळं घ्यावं. पश्चिमेच्या कडक उन्हाला मधुमालती उत्तम. संध्याकाळी उमलणारी तिची पांढरी फुलं सकाळपर्यंत गुलाबी आणि मग लाल होतात, वास रस्त्यापर्यंत जातो. बोगनवेल उन्हात आणि कमी पाण्यात फुलते. तिला काटे असतात, म्हणून ती हाताशी येणार नाही अशा उंचीवर. संक्रांतवेल थंडीत नारिंगी होते. वरच्या मजल्यांवरून खाली सोडायला पडदा वेल. सगळ्या भिंतीवर एकच जात लावू नये. एखाद्या किडीनं ती गाठली तर सगळी भिंत एकदम जाते.

हैदराबादचं केएमसी कंपनीचं कार्यालय मला या विषयातलं सगळ्यात शहाणं उदाहरण वाटतं. राहुल मेहरोत्रा यांच्या आरएमए आर्किटेक्ट्सनं २०१२ साली पूर्ण केलेलं. काँक्रीटच्या नेहमीच्या सांगाड्याबाहेर त्यांनी दुसरी कातडी उभी केली. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची जाळी, तिच्यात झाडांच्या ट्रे, ठिबक आणि तुषार. आतली भिंत आणि बाहेरची जाळी यांच्यात माळ्यांना चालायला अरुंद वाटा आहेत. माळी रोज त्या वाटांवरून फिरतात, आणि काचेपलीकडे साहेब, कारकून बसलेले. एकाच इमारतीत राहूनही ज्यांची एरवी नजरानजर होत नाही अशी माणसं दिवसभर एकमेकांना दिसत राहतात. आर्किटेक्टनं हे जाणून केलेलं आहे. त्यातली चालायची वाट आपण लक्षात ठेवावी. देखभालीची जागा नसलेली हिरवी भिंत करूच नये. दर वेळी क्रेन किंवा दोरावरचा माणूस मागवायचा झाला की दोन वर्षांत सोसायटी कंटाळते.

पिंपळाची भीती

हा विषय काढला की बैठकीत कोणीतरी म्हणतंच, की झाडं भिंत फोडतील. जुन्या नाशकात, भद्रकाली किंवा पंचवटीत, वाड्याच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण पिंपळ आणि तारेवरची वेल यांत फरक आहे. पिंपळाचं बी पक्ष्याच्या विष्ठेतून भेगेत पडतं, मूळ ओल शोधत आत शिरतं, जाड होतं आणि विटा उचलतं. काही वेली, भिंतीला चिकटून वर जाणारी फायकसची जात त्यातलीच, मुळांनी गिलावा धरतात. त्या घ्यायच्या नाहीत. मधुमालतीसारखी वेल तारेभोवती पसरते, तिची मुळं खाली मातीतच राहतात. भिंत आणि तारा यांच्यात किमान १५ सेंटीमीटर, जमल्यास ३० सेंटीमीटर अंतर ठेवलं की मागे हवा खेळते, ओल साचत नाही, रंगकामही करता येतं.

भीती धरायचीच तर सांगाड्याची धरा. तीस वर्षांच्या इमारतीत काँक्रीटच्या आतल्या सळया गंजायला लागलेल्या असू शकतात. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट पोपड्यासारखं सुटतं. म्हणून रोप आणायच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याची तपासणी. तारांचे अँकर, म्हणजे तारा धरून ठेवणारे बोल्ट, विटांच्या भिंतीत ठोकायचे नाहीत, बीममध्ये किंवा स्लॅबच्या कडेला केमिकल अँकरनं बसवायचे, आणि बसवल्यावर ओढून तपासायचे. वेलीचं वजन त्यामानानं कमी असतं, पण पावसाळ्यात पानं भिजलेली असताना वारा सुटला की ती भिंत शिडासारखी ओढ घेते. अँकर त्या ओढीसाठी निवडायचे. बागेतली जस्ताची तार चार मजल्यांवर वापरू नये. स्टेनलेसचा दोर महाग पडतो, पण तो गंजून खालच्या माणसावर पडत नाही.

गच्चीवर किंवा टेरेसवर माती भरण्याचा मोह तर आवराच. ओली माती घनमीटरला १,६०० ते २,००० किलो भरते. फक्त ३० सेंटीमीटर जाडीचा थर घातला तरी दर चौरस मीटरवर ४८० ते ६०० किलो होतात, आणि ऑफिसची स्लॅब साधारण २५० ते ४०० किलोंच्या हिशेबानं बांधलेली असते. हलक्या मिश्रणानं हे वजन बरंच उतरतं, तरी आकडे इंजिनिअरनंच मांडायचे. आगीचाही विचार हवा. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. तिथं आग बाहेरच्या आवरणातून वर चढली, पत्र्यांच्या आत पेट घेणारं प्लास्टिक होतं. आपल्या इमारतीवरचे जुने अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे काढताना ते कशाचे आहेत हे तपासून घ्यावं. वेल हिरवी आणि ओली असेपर्यंत सहसा पेटत नाही, पण आतला वाळलेला पाचोळा पेटतो. तो दर दोन महिन्यांनी काढायलाच हवा.

पाण्याचा हिशेब थोडक्यात. तारांवरच्या वेलीला कडक उन्हाळ्यात दर चौरस मीटर भिंतीमागे तीनेक लिटर रोज धरा. २०० चौरस मीटरच्या भिंतीला ६०० लिटर. पुष्कळ जण एसीच्या पाण्याचा उपाय सुचवतात. ते पाणी हवेतल्या दमटपणातून येतं, आणि आपला एप्रिल कोरडा. नेमकं लागतं तेव्हा ते थेंब-थेंबच मिळतं. त्यापेक्षा हात धुवायच्या बेसिनचं पाणी बघा. ऑफिसात माणशी रोज ४५ लिटर पाणी धरायची पद्धत आहे, म्हणजे १५० माणसांच्या इमारतीत पावणेसात हजार लिटर. त्यातला बेसिनचा वाटा वेगळा करून साध्या वाळू-खडीच्या गाळणीतून घेतला की भिंत भागते. पावसाचं पाणी गच्चीवरून बोअरकडे वळवावं ते वेगळंच. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, इतका तो हिशेब सोपा आहे.

छाटणीचं वेळापत्रक द्राक्षाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. एप्रिलची खरड छाटणी इथं चालणार नाही, कारण सावली तेव्हाच हवी. पहिले वळीव पडले की हलकी छाटणी, म्हणजे पावसाळी वाऱ्याला वेल जड पडत नाही. मोठी छाटणी दिवाळीनंतर. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना कारण सांगायला नको. डिसेंबरात खिडकीतून ऊन आत आलेलं सगळ्यांनाच बरं वाटतं. मार्चपर्यंत वेल पुन्हा दाट होते. काँक्रीटचा फलक ऋतूप्रमाणे असा आखडता येत नाही.

पाडून नवी का नाही?

हा प्रश्न बिल्डर पहिल्यांदा विचारतो. जुनी इमारत पाडली की तिच्यात गेलेलं सिमेंट, सळई, विटा, त्या भाजायला गेलेला कोळसा, सगळं मातीमोल होतं, आणि नव्यासाठी तेवढंच पुन्हा लागतं. जगात माणसाच्या उद्योगातून जितका कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. त्यातला मोठा भाग चुनखडी भाजताना दगडातूनच बाहेर पडतो. भट्टीचं इंधन सुधारून हा भाग टळत नाही. सिडनीत १९७६ सालचा एक ऑफिस टॉवर पाडण्याऐवजी वाढवून नवा केला. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या या क्वे क्वार्टर टॉवरमध्ये जुने ६५ टक्के खांब, बीम आणि स्लॅब, आणि लिफ्टच्या गाभ्याचा ९५ टक्के भाग तसाच ठेवला. पन्नास मजल्यांच्या इमारतीला हे जमलं. आपल्या चार-पाच मजल्यांचा सांगाडा ऑडिटमध्ये ठीक निघाला, तर तो पाडायला मला तरी कारण दिसत नाही. बदलायची असते ती कातडी आणि तळमजला.

तळमजला

माझं मन खरं इथे गुंतलेलं आहे. प्रत्येक इमारतीभोवती नियमाप्रमाणे समासिक अंतर सोडलेलं असतं. आपण त्याला मार्जिन म्हणतो. पुढचं मार्जिन बहुतेक ठिकाणी कंपाउंडच्या भिंतीमागे गाड्या लावायला जातं. रस्त्यावरून चालणाऱ्याला तिथं भिंत दिसते, गेट दिसतं, वॉचमन दिसतो.

जुन्या नाशकातल्या वाड्यांची रीत अशी नव्हती. दिंडी दरवाजाच्या दोन्ही बाजूंना ओटे असायचे. जागा वाड्याच्या मालकाची, पण बसायचा कोणीही. भाजीवाली टोपली उतरवायची, म्हातारे गप्पा मारायचे, वाटसरू पाणी मागायचा. पिंपळपार तर नाशिककरांना वेगळा सांगायला नको. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे तिथं गाणं ऐकायला सगळं शहर लोटतं. एक झाड, त्याभोवती बसायची जागा, आणि चारी बाजूंनी यायला वाट. सार्वजनिक जागेची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

न्यूयॉर्कनं १९६१ साली याबाबत नियम केला. बिल्डरनं इमारतीच्या पायथ्याशी लोकांसाठी खुली जागा सोडली, तर त्याला वर जास्तीचं बांधकाम मिळेल, काही भागांत एका चौरस फुटामागे दहा चौरस फूट. जागा भराभर सुटल्या. पण विल्यम व्हाइट या अभ्यासकानं १९७० च्या दशकात या चौकांवर कॅमेरे लावून तासन्‌तास पाहिलं, तेव्हा कितीतरी चौक ओस पडलेले दिसले. गर्दीचे चौक कुठले, तर जिथं बसायला जागा आहे तिथले. इतकं साधं उत्तर. त्यानंतर १९७५ मध्ये नियमात बसायच्या जागेची सक्ती आली. २००० सालच्या पाहणीत अशा ५०३ जागा मोजल्या गेल्या, आणि त्यातल्या ४१ टक्के नावापुरत्याच निघाल्या. कुठं कुलूप, कुठं हॉटेलची टेबलं, कुठं नुसती फरशी. नियमानं जागा सुटते, पण माणसाला बसू द्यायचं मन नियमानं येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईसारखी काही ठिकाणं वगळता डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला दर्जाप्रमाणे मूळ एफएसआयवर, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात जेवढं बांधकाम करता येतं त्यावर, ३, ५ किंवा ७ टक्के जास्तीचा एफएसआय मिळण्याची सोय आहे. मार्जिनमध्ये चौकट किंवा चालायची वाट उभी करायची असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागाला आधी विचारावं, आणि अग्निशमनाच्या बंबाची वाट काही झालं तरी मोकळी राहावी.

नाशिकला ही जागा कोणासाठी हवी, हे ठरवायला सीबीएसच्या चौकात एक दिवस उभं राहिलं तरी पुरे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा न्यायालय, बसस्थानक, सगळं हाकेच्या अंतरावर. सुरगाणा, पेठ, कळवणहून पहाटेच्या एसटीनं निघालेली माणसं एका सहीसाठी, एका तारखेसाठी दिवसभर शहरात असतात. हॉटेलात तासभर बसायचं तर काहीतरी घ्यावं लागतं. बाईमाणसाला स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं. या माणसांना भव्य प्लाझा नकोय. साधारण गुडघ्याच्या उंचीचा, म्हणजे ४० ते ४५ सेंटीमीटरचा ओटा, वर वेलीची सावली, पिण्याच्या पाण्याचा नळ, रस्त्यावरून उघड दिसणारं आणि खरंच उघडं असणारं स्वच्छतागृह, आणि पायऱ्यांऐवजी १२ फुटाला एक फूट चढणारा उतार. मोबाइल चार्ज करायला दोन पॉइंट दिले तर फारच उत्तम. चहाची टपरी हटवू नये, तिला कडेला नीट जागा द्यावी. टपरी असली की माणसं असतात, आणि माणसं असली की ती जागा सुरक्षित राहते. सोसायटीचे लोक सुरक्षेचा मुद्दा काढतात, त्यांना मी हेच सांगतो. कंपाउंडच्या भिंतीआड दिसेनाशा झालेल्या कोपऱ्यातच दारूच्या बाटल्या सापडतात.

आणि वरची वेल खालच्या ओट्याशी जोडलेली हवी. वाफा ओट्याच्या मागेच असला की एकाच बांधकामात दोन्ही होतं. ओट्याची पाठ म्हणजे वाफ्याची भिंत. वाफा ६० सेंटीमीटर खोल, तळ उघडा, मुळं थेट जमिनीत. पहिल्या मजल्याच्या उंचीवर तारा तीन-चार फूट पुढे रस्त्याकडे आणल्या, तर ओट्यावर आडवा मांडव होतो आणि तिथून वर भिंतीवर उभा.

आमच्या इमारतीत गाळेधारकांच्या दोन बैठका झाल्या. पार्किंगच्या चार जागा जातात यावर बरंच बोलणं झालं, आणि ते रास्तही आहे. शेवटी ठरलं, की पश्चिमेच्या कोपऱ्यातला एकच पट्टा करून बघायचा. तीन खांबांमधले भिंतीचे दोन भाग, नऊ दोर, एक वाफा, बारा फुटांचा ओटा. कंपाउंडची भिंत तेवढ्याच भागात उतरवली. मधुमालतीची चार रोपं जूनमध्ये लावली.

नोव्हेंबरात मामा पुढच्या तारखेला आले, तेव्हा वेल पहिल्या मजल्याच्या तारेला लागली होती. आमचे चेअरमन कौतुकानं ती दाखवायला खाली आले. मामांनी ती नीट न्याहाळली, खिशातून कातर काढली आणि चारही वेलींचे शेंडे उडवले. चेअरमनांचा चेहरा पडला. मामांनी त्यांना शेजारी ओट्यावर बसवलं, म्हणाले, "साहेब, ही आता वर पळणार होती. आता दोन हात काढील, एक त्या खिडकीकडं, एक ह्या. ते बांधत चला सुतळीनं, घट्ट नको." मग सुतळीची गाठ कशी मारायची ते त्यांनी चेअरमनांना आणि वॉचमनला दाखवलं. तारीख दुपारी होती. तोवर ते तिथेच बसून राहिले.